हरवल्याच्या रकान्यातली माणसं

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेचं हे सभागृह ज्यांनी एका शब्दावर उघडून दिलं ते आदरणीय भाईदास आबा. दिल्लीहून एवढा लांबचा प्रवास करून आलेले, एकत्रित संशोधन निधी कक्षाचे प्रमुख अधिकारी माननीय भाग्येशजी. ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती फुलवंताबाई. आणि समोर बसलेल्या, खिडकीच्या कट्ट्यावर चढलेल्या, दारात टोपल्या घेऊन उभ्या राहिलेल्या माझ्या बंधूंनो, बहिणींनो, मायबहिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मागे आवाज येतोय ना? बाहेर होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचे ढोल वाजतायत, त्यामुळे विचारलं. येतोय? बरं.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी गिरधर, याच म्हसावदचा. आपल्या एचआयव्ही अभ्यास केंद्राच्या प्रयोगशाळेत तेरा वर्षं तंत्रज्ञ होतो, गेल्या जूनमध्ये निवृत्त झालो. सिकल सेल म्हणू नका, मलेरिया म्हणू नका, हिमोग्लोबिन म्हणू नका, या पंचक्रोशीत ज्याच्या हाताला सुई लागली त्याने मला निदान एकदा तरी मनातल्या मनात शिवी दिलेली आहे. ती मी आज आशीर्वाद समजून स्वीकारतो.

सूत्रसंचालक दिनेशभाऊंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ती मला पुरणार नाहीत, हे त्यांना माहीत आहे. तरी त्यांनी दिली, हा त्यांचा मोठेपणा.

मंडळी, मी स्वभावाने संशयी माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको. आमच्या सौभाग्यवती कमलबाई तिकडे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्या नेहमी म्हणतात, "तुम्ही देवना परसादबी तपासीसन खाशात." खरं आहे. पण हा स्वभाव मला धंद्याने दिला. एचआयव्हीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर आम्ही त्या माणसाला लगेच काही सांगत नाही. तेच रक्त दुसऱ्या किटवर तपासतो. तीही तेच बोलली, तर तिसऱ्यावर. तिन्ही किट वेगळ्या लागतात, वेगळ्या पद्धतीच्या. एकाच किटवर तीनदा तपासलं तर काय बिघडलं? बिघडतं असं, की ती किट एकदा चुकली की तिन्ही वेळा तशीच चुकते. एका माणसाच्या आयुष्याचा निकाल आपण एका किटच्या भरवशावर देत नाही. मग साहेब, मला प्रश्न पडतो, आणि तो मी अत्यंत नम्रपणे विचारतो: देशभरातल्या एड्सच्या संशोधनाला पैसा द्यायचा की नाही, याचा निकाल आता एकाच कार्यालयाने द्यायचा ठरलं आहे. तिथे दुसरी किट कोणती?

असो. सत्काराच्या दिवशी असं बोलू नये. मी फुलवंताबाईंकडे वळतो.

फुलवंताबाई मूळच्या वरच्या, सातपुड्यातल्या पाड्यावरच्या. चौथी शिकलेल्या. घरी पावरी बोलतात, आमच्याशी अहिराणी, आणि डॉक्टर आले की मराठी. केंद्रात त्या आल्या तेव्हा त्यांच्या कामाला नाव नव्हतं. नंतर कुणीतरी कागदावर 'क्षेत्र समन्वयक' असं लिहिलं. मी त्यांना पहिल्या दिवशी विचारलं होतं, बाई, तुम्ही नेमकं काय करणार? त्या म्हणाल्या, "मी माणसं वळखस." मला हसू आलं. मी म्हटलं, ओळखायला काय, आमच्याकडे नंबर आहेत. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक बाटलीवर नंबर असायचा. नाव नसायचं, ते बरोबरच आहे, नाव फुटू नये म्हणून. पण त्यामुळे झालं असं की दोनशे अकरा माणसांना मी तेरा वर्षं नंबरांनी ओळखलं आणि बाईंनी घराने, चालण्याने, आवाजाने. दोघंही एकाच गावात राहत होतो आणि आमचा परिचय वेगवेगळ्या माणसांशी होता.

त्यातला एक नंबर सत्तेचाळीस. तो आता नाही, म्हणून त्याच्याबद्दल थोडं बोलतो. नाव मला माहीत नाही आणि असतं तरी सांगितलं नसतं. तो आणि त्याची बायको, म्हणजे अठ्ठेचाळीस, दिवाळीनंतर ऊस तोडायला गुजरातेत जायचे, होळीला परत यायचे. गोळ्या मिळायच्या महिन्याच्या. नियमच तसा होता. मग सत्तेचाळीस दर महिन्याला टोळीतून सुटी मागायचा, दोन दिवसांचा प्रवास करून गोळ्या घ्यायला यायचा, परत जायचा. मुकादमाने पहिल्यांदा विचारलं, काय काम? याने सांगितलं, मामा आजारी. दुसऱ्यांदा मामा वारला. तिसऱ्यांदा मुकादम म्हणाला, तुझे मामा किती? चौथ्यांदा टोळीतून काढून टाकलं, दोघांनाही. पुढच्या हंगामात त्याने ठरवलं, गोळ्यांना जायचंच नाही. निघताना नेलेल्या दोघांच्या गोळ्या पुरल्या तोवर एकट्या बायकोला देत राहिला. त्या पावसाळ्यात माझ्याकडे त्याची शेवटची बाटली आली. त्यातला विषाणूंचा वाढलेला आकडा बघून मी चाचणी पुन्हा लावली होती. दहा दिवसांनी बाईंनी येऊन सांगितलं, भाऊ, तो गेला.

आमचा अभ्यास त्या माणसातून सुरू झाला. प्रश्न साधा होता. जे लोक पाच महिने घराबाहेर जातात, त्यांना पाच महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, तर ते नीट घेतील की नाही? शहाणे लोक म्हणाले, नाही घेणार. विकतील, टाकतील, विसरतील. हे आम्हाला तपासायचं होतं.

आता गंमत ऐका. यासाठी निधी मागायला आम्ही तीन दारांवर गेलो. पहिल्या दाराने उत्तर पाठवलं, सदर दुर्गम भागात या आजाराचे प्रमाण नगण्य आहे. नगण्य का? तर तिथे कुणी तपासलंच नव्हतं. तपासलं नाही, म्हणून आजार नाही. हा शोध मला फार आवडला होता. दुसऱ्या दाराने सांगितलं, प्रश्न चांगला आहे, पण ही माणसं हाती लागत नाहीत, त्याऐवजी शहरातला एखादा मोहल्ला निवडा. तिसरं दार होतं एका छोट्या न्यासाचं. उदेसिंग सर नावाचे निवृत्त शिक्षक तो चालवायचे. ते स्वतः आले. आम्ही त्यांना आकडे दाखवायला बसलो, तर ते म्हणाले, आकडे ठेवा, मला बाईंबरोबर बाजारात जाऊ द्या. दिवसभर ते फुलवंताबाईंच्या शेजारी भोंगऱ्या बाजारात बसले. संध्याकाळी येऊन म्हणाले, करा सुरू.

बाजारात काय पाहिलं त्यांनी? हेच तर बाईंचं काम. होळीच्या आधीच्या बाजारात बाई हार-कड्यांचं दुकान मांडतात. साखरेचे ते रंगीत हार, कडी. होळीला घरोघर लागतात. त्यामुळे कुणीही बाईंपुढे बसलं तरी कुणाला काही वाटत नाही. हजार माणसं बसतात. त्यातली आमची माणसं हार घेताना एक पुडकं बाईंच्या टोपल्याखाली सरकवतात. त्यात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. पाच महिन्यांच्या. शेजारच्याला दिसतो तो फक्त हार. मग दुसऱ्या दिवशी ती माणसं सिकल सेलच्या रांगेत उभी राहून माझ्याकडे रक्त देऊन जातात. त्यांच्या संमतीने, सगळं रीतसर. कुणाला कुणाचं कळलं नाही. अकरा होळ्या गेल्या, एकाचंही नाव फुटलं नाही. दिल्लीत याला काय म्हणतात मला माहीत नाही, आमच्याकडे याला अक्कल म्हणतात.

आणि रिकाम्या पट्ट्या परत आल्या, मंडळी! विकल्या नाहीत, टाकल्या नाहीत. पिठाच्या डब्यात लपवून, पालात राहून, बिनचूक घेतल्या. माझ्या प्रयोगशाळेतले आकडे सांगत होते की महिन्याला गोळ्या नेणाऱ्यांपेक्षा या लोकांचं रक्त जास्त चांगलं आहे. अठ्ठेचाळीसची बाटली दर होळीला यायची आणि मी ती सगळ्यात आधी तपासायचो. कामात असा भेदभाव करू नये. मी केला.

मग तीन वर्षांपूर्वी पत्र आलं. सगळी दारं बंद, यापुढे एकच दार. न्यासाने द्यायचं ते तिकडे द्यायचं, विद्यापीठाने, राज्याने, सगळ्यांनी तिकडे. आणि तिथून ते वाटलं जाईल. त्या पत्रात एक शब्द वारंवार होता: एकसूत्रता. तेव्हापासून मला त्या शब्दाची धास्ती आहे.

थांबा. एक गोष्ट प्रामाणिकपणे बोललीच पाहिजे, नाहीतर भाग्येशजी म्हणतील की म्हातारा एकतर्फी बोलला. पूर्वीही सगळं आलबेल नव्हतं. एकाच पाड्यावर तीन संस्था तीन महिन्यांत तीनदा रक्त काढून न्यायच्या. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "भाऊ, आमनं रंगत तुम्ही इकतस का?" आमचं रक्त विकता का, असं विचारत होते ते. काही अभ्यास असे होते, की ते फक्त अहवालातच झाले. त्यामुळे कुणीतरी हे एकत्र बघावं, दोनदा होणारं टाळावं, हे मला पटतं. बघा ना. नोंद एकत्र ठेवा. पण नोंद एकत्र ठेवणं वेगळं आणि होय-नाही म्हणायचा हक्क एकाच्याच हातात ठेवणं वेगळं. पहिल्या दाराने आम्हाला हाकललं तेव्हा दुसरं होतं. दुसऱ्याने हाकललं तेव्हा तिसरं. त्या वेळी एकच दार असतं, तर ते नेमकं कोणतं असतं? मला वाटतं पहिलंच असतं. मोठं होतं ते.

आणि आता ज्याच्याकडे पैसा, त्याच्याचकडे नमुना अर्ज, त्याच्याचकडे तक्रार. साहेब, सासू, नणंद आणि पंच एकच असले तर सुनेने गाऱ्हाणं कुठे न्यायचं?

दिनेशभाऊंची चिठ्ठी आली आहे. 'वेळ झाली.' होय भाऊ, झालीच आहे. म्हणूनच बोलतोय.

नवीन कार्यालयाने संगणकावर नोंदीची पद्धत आणली. चांगली होती, रंगीत होती. प्रत्येक सहभागीची भेट जानेवारीत झालीच पाहिजे. का जानेवारीत? कारण सगळ्या देशात जानेवारीत. सब घोडे बारा टक्के. आता जानेवारीत आमची माणसं उसाच्या फडात. मी बाईंना म्हटलं, जानेवारीत बोलवायचंय. त्या म्हणाल्या, "जानेवारीमा कोन भेटी, भाऊ? होळीले बलाव. सातपुडाना माणूस कोठेबी ऱ्हाओ, होळीले घर येसच." मी ते कळवलं. उत्तर आलं, आपली सूचना नोंदवली आहे. नोंदवली म्हणजे काय केली, ते आजपर्यंत कळलं नाही.

गेल्या वर्षी एकतीस जानेवारीला मी संगणकापुढे बसलो. प्रत्येक नंबरापुढे तीन रकाने. आला. वारला. हरवला. यांतला एक निवडल्याशिवाय पान पुढे सरकेना. अठ्ठ्याहत्तर माणसं गावात होती, त्यांच्यापुढे 'आला' केलं. उरलेल्या एकशे तेहेतीसांचं काय करू? ते आले नव्हते. वारले नव्हते. मी 'हरवला' या रकान्यात खूण केली. एकशे तेहेतीस वेळा केली. शप्पथ सांगतो, मला तेव्हा काहीही वाटलं नाही. मी म्हटलं, होळीला येतीलच, तेव्हा बदलू. आपल्याकडे वर्ष कधी संपतं? मार्चात म्हणा, पाडव्याला म्हणा, सातपुड्यात तर होळीशिवाय वर्ष सरत नाही. तेरा वर्षं आमच्या केंद्राचं वर्ष होळीला संपत आलं होतं. दुसरीकडे कुठे ते आधीच संपत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

अठ्ठावीस फेब्रुवारीला नोंदी कायमच्या गोठल्या. होळी त्यानंतर होती.

होळीला रक्त आलं. अठ्ठेचाळीसची बाटली माझ्या हातात होती, अजून कोमट होती. मी नंबर टाकला. संगणक म्हणाला, हा सहभागी उपलब्ध नाही. मी परत टाकला. उपलब्ध नाही. मी फोन केला. तिकडचा माणूस फार सभ्य होता, मला सर म्हणाला. म्हणाला, सर, हरवलेला सहभागी परत येत नाही, तशी सोयच नाही. मी म्हटलं, अहो, रक्त अजून कोमट आहे, ती बाई बाहेर रांगेतच कुठेतरी असेल. तो म्हणाला, तुम्ही तिला नवीन म्हणून नोंदवा. मी म्हटलं, नोंदवतो. तो म्हणाला, पण नवीन नोंदणी बंद आहे, सर.

हसू नका. मीही तेव्हा हसलो होतो. चहा पिताना सगळ्यांना सांगून हसलो होतो. पत्रं पाठवली, आठवणपत्रं पाठवली, निवृत्त झालो, विसरलो. फुलवंताबाईंना मात्र सांगितलं नाही. कशाला सांगा, म्हटलं. कागदावरची गोष्ट, कागदावर मिटेल.

आता मी कालच्या दुपारवर येतो, आणि मग बसतो.

काल बाई माझ्या घरी आल्या. हातात दिल्लीहून आलेला इंग्रजीतला जाड अहवाल. म्हणाल्या, "भाऊ, उद्या निरोप देवावर आठे सही करानी शे म्हनतस. पहिले वाची दखाड." सहीआधी वाचून दाखव, म्हणे. मी चष्मा लावला. नववं पान. मराठीत सांगतो: अभ्यासाचे उद्दिष्ट साध्य झाले आहे. त्रेसष्ट टक्के सहभागी हरवल्यामुळे अभ्यास पुढे चालू ठेवणे योग्य नाही. आणि खाली, हे मी माझ्या माहितीप्रमाणे प्रमाणित करते. सही, क्षेत्र समन्वयक.

साध्य झालं म्हणून बंद, की हरवले म्हणून बंद? एकाच पानावर दोन्ही. माझ्या प्रयोगशाळेत एकाच बाटलीचे असे दोन निकाल आले असते तर मी किट फेकून दिली असती.

बाईंनी विचारलं, "हरपनात? कोन हरपनात?"

मी म्हटलं, एकशे तेहेतीस जण.

"कोनी लिखं हाई?"

मंडळी, तेरा वर्षं मी लोकांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट बातम्या कागदावर लिहून दिल्या आहेत. मला ते जड गेलं नाही असं कधी झालं नाही, पण काल जेवढं गेलं तेवढं कधीच नाही. मी म्हटलं, मी लिहिलं, बाई. तिथे तीनच रकाने होते.

त्यांनी अहवाल मिटून मांडीवर घेतला. कमलबाईंनी आणलेला चहा तसाच राहिला. मग म्हणाल्या, "त्या हरपेल नहीत, भाऊ. त्या ऊस तोडाले जायेल व्हतात. तू कोनले इचारं व्हतं?"

कुणालाच नाही. दहा पावलांवर त्यांची खोली होती.

हे सगळं इतकं का महत्त्वाचं, ते सांगतो. पाच महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायची परवानगी आम्हाला फक्त या अभ्यासासाठी मिळाली आहे. अभ्यास बंद, की परवानगी बंद. म्हणजे येत्या दिवाळीनंतर पुन्हा महिन्याच्या गोळ्या, पुन्हा मुकादम, पुन्हा मेलेले मामा. सत्तेचाळीसचं काय झालं ते मी सांगितलंच. अठ्ठेचाळीस जिवंत आहे. म्हणून तर मी आज इथे हात जोडून, घशाला कोरड पडेपर्यंत बोलतोय.

भाग्येशजी, आपण मघाशी आपल्या भाषणात फार सुंदर म्हणालात की विखुरलेले थेंब एकत्र आले की नदी होते. टाळ्याही पडल्या, मीही वाजवल्या. पण साहेब, तापी आमच्या दारात आहे. ती दुथडी भरून वाहते तेव्हासुद्धा तिचं पाणी सातपुड्यावर चढत नाही. वर राहणाऱ्याला झराच लागतो, आणि तो त्याच्या पाड्याजवळच असावा लागतो.

मला असं विचारावंसं वाटतं, एका चौथी शिकलेल्या बाईच्या निरोपाला दिल्लीचा एवढा मोठा अधिकारी का येतो? शाल द्यायला? ती आमच्या आबांनी दिली असती. मग सहीसाठी? आपण चांगले गृहस्थ आहात, सकाळी माझ्या घरी ज्वारीची भाकरी दोनदा मागून घेतलीत. तुमच्यावर माझा राग नाही. हा बाकीचा पैसा कुठल्या मोठ्या शहरातल्या कुठल्या मोठ्या इमारतीकडे वळायचा आहे, याबद्दल मी बरंच ऐकलं आहे. पुरावा माझ्याकडे नाही. संशय आहे. संशय आणि निदान यांतला फरक मला कळतो, म्हणून त्यावर मी अधिक बोलत नाही. मात्र जे मी स्वतः केलं, त्याचा पुरावा नवव्या पानावर आहे. तो खोटा आहे, आणि तो मी तयार केला आहे, हे मी या व्यासपीठावरून जाहीर सांगतो.

आबा, आपली परवानगी असेल तर एक विनंती करतो. फुलवंताबाईंच्या सन्मानार्थ आपण सगळे एकदा उभे राहूया. सगळे. शिक्षक, पोलीस पाटील, बाजारातून आलेले पाहुणे, आणि खिडकीतल्यांनो, तुम्ही खाली उतरा. दारातल्या बाई, टोपली ठेवा खाली, कुणी नेत नाही. ढोलवाले आत आले तरी चालतील. हां, असं.

आता कुणी कुणाच्या तोंडाकडे बघू नका, सगळे बाईंकडे बघा.

भाग्येशजी, आपणही उभे राहिलात, आभारी आहे. साहेब, आपल्या कागदावर हरवलेली एकशे तेहेतीस माणसं आहेत. त्यांतली या सभागृहात किती आहेत, हे मला माहीत नाही. या गर्दीत फक्त एका माणसाला माहीत आहे आणि ती व्यासपीठावर बसली आहे. तुमच्या एकसूत्री यंत्राला जे तीन वर्षांत सापडलं नाही, ते बाईंना इथून दिसतं आहे. बाई, कागद तुमच्यापुढे आहे, पेन साहेबांनी ठेवलेलंच आहे. सही करा किंवा करू नका, तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. तेवढं बघून घ्या. सावकाश बघा.

...

काय लिहिताय, बाई? द्या इकडे, मी वाचतो.

मंडळी, बाईंनी नवव्या पानावर आडवी रेघ मारली आहे. इंग्रजी त्यांना येत नाही, पण काल मी बोट ठेवून दाखवलेली ओळ त्यांनी बरोबर ओळखली. रेघेच्या वर मराठीत लिहिलंय: "गेले होते. आले." आणि खाली सही. फुलवंताबाई. साहेब, आपल्याला सही हवी होती, ती मिळाली. आता हा कागद आपल्या संगणकात कुठल्या रकान्यात बसवायचा, ते आपण दिल्लीला जाऊन बघा.

टाळ्या नको, उभेच राहा अजून जरा. आभार मानायचे आहेत. अध्यक्षमहाराजांचे, त्यांनी मला थांबवलं नाही म्हणून. भाग्येशजींचे, त्यांनी ऐकून घेतलं म्हणून. मोठ्या पदावरचे लोक इतकं ऐकत नाहीत. दिनेशभाऊंचे, त्यांनी दुसरी चिठ्ठी पाठवली नाही म्हणून. फुलवंताबाई, तुम्हाला मी निरोप देणार नाही. निवृत्त व्हा, पण बाजारातलं दुकान मोडू नका.

भाषणाच्या शेवटी वक्ता म्हणतो की बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घ्या. ते माझं दरवर्षीचं आहे, या वेळीही आहेच. पण आज मला खरीच माफी मागायची आहे, आणि ती व्यासपीठाची नाही. तुम्ही जे कुणी असाल, जिथे उभे असाल, मला तुमची नावं माहीत नाहीत आणि कुठला चेहरा कुठल्या नंबराचा तेही नाही. फडात थंडीत तुम्ही गोळ्या चुकवल्या नाहीत, आणि मी इथे पंख्याखाली बसून तुम्हाला हरवलेलं लिहिलं. न विचारता लिहिलं. माझं चुकलं. मला माफ करा.

बसा आता.